ॲज यू प्लीज, सर

"ॲज यू प्लीज, सर," महादेवप्पा म्हणाला.

"मान एवढी ताठ नको. जरा हसून म्हण," कमलाकरपंतांनी सांगितलं. "पाठ केलेलं साहेबाला लगेच कळतं. घरच्या माणसाशी बोलल्यासारखं सहज आलं पाहिजे."

"घरच्या मानसाशी मी अर्धं कानडीत बोलतो की, पंत."

दोघंही हसले. रविवारची सकाळ होती. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बायका धुणी आपटत होत्या आणि त्यांच्यापासून जरा बाजूला ही शिकवणी चालली होती. महादेवप्पा गिरणीत जॉबर होता, मागांवरच्या माणसांचा मुकादम. कमलाकरपंत त्याच गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. इन्फ्लुएंझाच्या साथीत पंतांच्या बिऱ्हाडाला सगळे टाळत होते, तेव्हा महादेवप्पानं उशाशी बसून त्यांना पेज पाजली होती. तेव्हापासून पंत त्याला कुणाच्याही देखत 'माझा माणूस' म्हणत.

गिरणीत नवा साहेब आला होता. त्याला मराठीचा गंध नव्हता. सूत गुंडाळणाऱ्या बायका आपली तान्ही पोरं बरोबर आणत आणि खात्यामागच्या पडवीत झोळ्या बांधत. साहेबाला त्या झोळ्या नकोत, अशी कुणकुण लागली होती. म्हातारा हेडक्लार्क बायकांचं म्हणणं साहेबापर्यंत नीट पोचवत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"अण्णा, तुमीच बोला साहेबाशी," मुक्ताबाई म्हणाली होती. नवरा गेल्यावर पोटातलं पोर घेऊन ती कामाला लागली होती. आता ते पोर रांगत होतं. "त्या म्हाताऱ्या बाबूच्या तोंडून नगं. आपल्या मानसाच्या तोंडून जाऊ दे."

म्हणून महादेवप्पा इंग्रजी शिकत होता. माग चालू असताना त्या खडखडाटात तो मोठ्यानं म्हणे, व्हेरी काइंड ऑफ यू, क्वाइट सो, सर. कुणाला ऐकू जात नसे. घरी यशोदा भाकरी थापताना विचारी, "अवं, आज काय नवं?" आणि तो तिला हाऊ डू यू डू म्हणून नमस्कार करी. ती पदर तोंडाला लावून हसे.

"पन पंत," त्या रविवारी त्यानं विचारलं, "झोळ्या ऱ्हाऊ द्या, हे कसं म्हनायचं?"

"ते मी मांडीन. कायद्याची भाषा असते ती. तू सुरुवात कर, साहेबाला तुझ्याबद्दल बरं वाटू दे. मी खूण केली की क्वाइट सो म्हण, ॲज यू प्लीज म्हण. शोभून दिसतं."

भेटीच्या दिवशी महादेवप्पा धुवट धोतर नेसून, फेटा बांधून साहेबाच्या खोलीत गेला. त्यानं गुड मॉर्निंग म्हटलं, हाऊ डू यू डू म्हटलं. साहेबानं भुवया उंचावल्या आणि चक्क खुर्ची दाखवली. महादेवप्पा बसला नाही. मग पंत बराच वेळ बोलले. त्यातले मदर आणि बेबी एवढेच शब्द त्याला लागले, पण ते आले म्हणून त्याला हायसं वाटलं. साहेबानं त्याच्याकडे वळून काहीतरी विचारलं. पंतांनी मान हलवली.

"क्वाइट सो, सर," महादेवप्पा म्हणाला. हसून म्हणाला. "ॲज यू प्लीज, सर."

साहेबानं उठून त्याचा हात हातात घेतला.

ही बातमी त्यानं स्वतः बायकांना सांगितली. "साहेबानं हात मिळवला," म्हणाला. त्या दिवशी कुणीतरी गूळ वाटला.

सोमवारी पोरं कडेवर घेतलेल्या बायकांना पहारेकऱ्यानं फाटकातच अडवलं. भिंतीवर मराठीत हुकूम डकवला होता. मागावरच्या एका शिकलेल्या पोरानं तो वाचून दाखवला. कामगारांचे प्रतिनिधी महादेवप्पा जॉबर यांनी साहेबांसमोर संमती दिल्यावरून, आजपासून कारखान्यात मुलं आणण्यास मनाई.

मुक्ताबाईनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "तुमी व्हय म्हनलात, अण्णा?"

"न्हाय. मी..." तो थांबला. आपण काय म्हणालो, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी तो पंतांच्या दारात उभा राहिला. पंत बाहेर आले, पण त्याला आत बोलावलं नाही.

"ॲज यू प्लीज म्हंजे काय, पंत?"

"आपली मर्जी."

"आन् क्वाइट सो?"

"अगदी बरोबर." पंतांनी नजर चुकवली. "मी तुला एकही शब्द खोटा शिकवला नाही, महादेवप्पा. साहेब झोळ्या काढणारच होता. उगाच तंटा झाला असता. मार्शल लॉत गावात लष्कर आलं होतं, ते विसरलास एवढ्यात? कुणीतरी हो म्हटलं की निभावून जातं."

"म्हातारा हेडक्लार्क जानार हाय म्हनं."

पंतांनी उंबऱ्यापाशी पडलेली चप्पल पायानं सरळ केली.

"त्याची खुर्ची तुमाला गावली?"

"घरात चार माणसं आहेत माझ्या."

"नगं म्हनायचं आसलं, तर इंग्रजीत काय म्हनत्यात, पंत?"

"साहेबाला तसं कुणी म्हणत नाही," पंत म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेब मोटारीतून उतरत असताना महादेवप्पा आडवा गेला. शिकलेल्यातला एकही शब्द त्यानं वापरला नाही. "साहेब, मी व्हय म्हनलो न्हाय. बायकांची पोरं कुटं जानार? मला फशिवलं." साहेबानं शेजारच्या पंतांकडे पाहिलं. पंतांनी इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. साहेबाचा चेहरा खुलला, त्यानं महादेवप्पाच्या खांद्यावर थोपटलं आणि तो आत गेला.

महादेवप्पा तिथेच उभा राहिला. भोंगा झाला तरी तो आत गेला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. यशोदा म्हणाली, "मला ठावं हाय तुमी तसं न्हाई. मी सांगते समद्यास्नी." तिनं सांगितलंही. काहींना ते पटलं, काहींनी ऐकून घेतलं.

मुक्ताबाईचं पोर सांभाळायला कुणी नव्हतं. तिनं काम सोडलं आणि करमाळ्याला भावाकडे निघाली. भाऊ ठेवून घेईल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. रेल्वेनं जेऊरला उतरून पुढे जायचं होतं. त्या गाडीला महादेवप्पा स्टेशनवर गेला. तिची वळकटी उचलायला वाकला, तर तिनं आधीच ती बगलेत मारली.

डब्याची पायरी उंच होती. एका बगलेत वळकटी, एका हातात गाठोडं, कडेवर पोर. तिनं आजूबाजूला पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. मग तिनं पोर त्याच्या हातात दिलं आणि वर चढली. पोरानं त्याची मिशी मुठीत धरली. महादेवप्पानं ती सोडवली नाही. वरून तिनं हात पुढे केले, तेव्हा त्यानं पोर नीट, पाठीला आधार देऊन, तिच्याकडे दिलं.

ती खिडकीशी बसली नाही. डब्यात पार पलीकडच्या बाजूला गेली आणि त्याच्याकडे पाठ करून पोराला पाजायला घेतलं.