लाल पायांचं सोनपाखरू

मी एक जुनी सागवानी कीटकपेटी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने भारी संशयी. धरमपेठेतल्या एका महाविद्यालयात माझ्या काचेच्या झाकणाला कुणाचाही हात लागला, की मला वाटतं, आला चोर!

सदर भागातल्या एका सुताराने मला घडवलं. माझ्या पोटात टाचणीला टोचलेली दोन हिरवी सोनपाखरं आहेत. वरून पाहिली तर अगदी जुळी. पालथी केली तर एकाचे पाय काळे, दुसऱ्याचे लाल. काळ्या पायांचं कुठेही सापडतं. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'धोका नाही', म्हणजे ही जात संपायची भीती नाही. लाल पायांचं फक्त रामटेककडच्या एका बाभूळबनात मिळालं होतं. त्याच्या चिठ्ठीवर आहे, 'पुरेशी माहिती नाही'. चिठ्ठी त्याच टाचणीत ओवायची, म्हणजे ताटातूट होत नाही.

पूर्वी विद्यार्थी माझ्याभोवती गर्दी करत. पुढे मी कपाटावर धूळ खात पडले. फक्त प्रयोगशाळेतल्या वंदनाताई दर महिन्याला मला खाली काढायच्या, डांबरगोळ्या बदलायच्या आणि भिंगातून सोनपाखरं न्याहाळायच्या. का बरं? विकायचा बेत असणार! वीस वर्षं मी त्यांच्यावर डोळा ठेवला.

गेल्या पावसाळ्यात प्राणिशास्त्राचे दुर्गेश सर माझ्याकडे आले. ते बाभूळबन तोडून रस्ता व्हायचा होता, आणि तिथल्या कीटकांचा अहवाल लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. फोटो छान यावा म्हणून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. परत लावताना अदलाबदल झाली! लाल पायांना 'धोका नाही'. सरांनी तेच अहवालात उतरवलं.

तेवढ्यात वंदनाताईंनी झाकण उघडून टाचणी उपसली. मी म्हटलं, साधली हिने संधी!

"सर, चिठ्ठ्या काहून बदलवल्या जी?"

"बदलवल्या? दोन्ही सारखेच तर दिसून राहिले, ताई."

"पालथं करून पाहा ना."

सरांनी भिंग लावलं, लाल पाय पाहिले आणि अहवाल पुढे ओढला. "मग आता 'धोका आहे' लिहू?"

"मले काय माहीत? चिठ्ठीच म्हणते, माहीत नाही. बनात जाऊन पाहा लागते."

सरांनी अहवाल थांबवला. आठ दिवस दोघं बाभळी तपासत हिंडले. लाल पायांची अकरा सोनपाखरं दिसली. ते अहवालात गेलं, आणि तूर्त तोड थांबली आहे.

मित्रांनो, 'माहिती नाही' म्हणजे 'काळजी नाही' असं समजू नका. संशय घ्यायचा तर झटपट उत्तरावर घ्या. मी तो राखण करणाऱ्या बाईवर घेतला. त्या परवा निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझी काच पुसली. तुम्हाला कुठे भेटल्या, तर माझ्या वतीने माफी मागा.