विसाव्याचा तुकडा

तिसऱ्या तुकड्याचं नाव निघालं, की काकांना हटकून दुसरंच काहीतरी आठवायचं. कधी भिजत घातलेला वेत, कधी स्वतःचा गुडघा. आज तर त्यांनी कहर केला.

"उद्या तपासनीस येईल, त्याला पहिला-दुसरा दाखव. तिसऱ्यात जळवा फार, म्हणावं."

"त्याला काय जळवांचं नवल, काका?" पुतणीनं विचारलं.

काका खुर्चीची पाठ विणत राहिले. बोटं तेवढी अडखळली.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. रानातला वेत तोडायचा परवाना आता तिच्या नावावर व्हायचा होता. रानाचे पाच तुकडे. वर्षाला एकाचीच तोड, यंदा पाचव्याची; बाकीचे चार विसाव्याला. विसाव्याच्या तुकड्यात कोयता चालला तर परवाना रद्द, आणि मग रान लाकूडवाल्यांच्या घशात. 'अट मोडलेली नाही' असं उद्या तिला सही करून द्यायचं होतं. आणि काल तिला गोदामात, पोत्यांखाली झाकलेली, बोटाएवढ्या कोवळ्या वेताची मोळी सापडली होती. असला वेत बाबांनी कधी घरात येऊ दिला नसता. काकांना मात्र पहिल्यापासून घाई.

ती कोयता घेऊन एकटीच निघाली. तिसरा तुकडा ओढ्याला लागूनच, सगळ्यांत जवळचा. आत शिरताच बुंधे दिसले. तोडलेले, करडे पडलेले. बेचाळीस मोजले. काकांना काय काय सुनवायचं, तेही मनात जुळवून झालं.

मग तिच्या लक्षात आलं, की तोड सगळीकडे नाही. एका सपाट दगडाभोवती सात, पडलेल्या खोडाभोवती नऊ. जिथे दम खायला टेकता येईल, तिथेच.

मागे पाचोळा वाजला. काका लंगडत, धापा टाकत येत होते.

"झाली चौकशी? मीच तोडले. लिही माझं नाव."

तिनं कोयता त्यांच्या हातात दिला. "तोडू नका. या बुंध्यावर नुसता टेकवून दाखवा."

"आता परीक्षा घेतेस होय माझी?" काकांनी उजव्या हातानं पातं टेकवलं. ते कापाच्या उतारावर बसेना. उतार उलटा होता. बेचाळीसही बुंध्यांचा उलटा. घरात डावखुरं माणूस एकच होतं, बाबा.

काका दगडावर बसले. "पाचवा तुकडा पार माथ्यावर. त्याचा श्वास पुरेना. मी जातो म्हटलं, तर म्हणाला, तुला कच्चा-पक्का कळत नाही. आणि शेवटी स्वतःच कच्चा घेऊन आला. मोळी मीच झाकली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू माझ्यावर संशय घेत होतीस. बरं चाललं होतं की."

दुसऱ्या दिवशी तिनं छापील वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: तिसऱ्या तुकड्यात बेचाळीस वेत तोडले आहेत, त्याला वाढीव विसावा द्यावा. तोडणाऱ्याच्या रकान्यात बाबांचं पूर्ण नाव घातलं. तेवढ्यापुरता तिचा हात थांबला.

तपासनीसानं दोनदा वाचलं. "परवान्याचं आता मला सांगता येणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव कशाला घालता? तिथे कोण बघायला गेलं असतं?"

"कोणीच नाही. मग पुढच्या वर्षी मीही जवळचाच तुकडा शोधला असता."

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. "दाखवा."

काका उठून सगळ्यांच्या पुढे चालू लागले. गुडघ्याचं त्यांनी नावही काढलं नाही.