बिलात बरी झालेली दाढ

मी सुलभाताईंच्या खालच्या रांगेतली, उजवीकडची मोठी दाढ. आता तोंडात नाही, औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत असते. कागदोपत्री माझं रूट कॅनल झालेलं आहे आणि माझ्या डोक्यावर कॅपही बसलेली आहे. प्रत्यक्षात मला कुणी साधी सुईसुद्धा लावली नाही. हे माझ्याइतकं खात्रीनं दुसरं कोण सांगणार? म्हणून मीच बोलते.

बाई पहिलीत जायला लागल्या तेव्हा मी उगवले. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, लग्नानंतर धारवाडला केलगेरी भागातल्या घरी संध्याकाळचं चुरमुऱ्यांचं गिरमिट, सगळं माझ्याच वाट्याला यायचं. बाईंना उजवीकडेच चावायची सवय होती. माणसं गुडघ्यांना तेल चोळतात, डोळ्यांत थेंब घालतात. दाढेची आठवण त्यांना ती दुखायला लागल्यावरच होते.

बाईंची पन्नाशी उलटली आणि मी किडले. त्यांचे यजमान श्रीकांतराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. उपचाराचा खर्च कचेरीकडून परत मिळायचा, पण बिल मार्चअखेरच्या आत द्यावं लागायचं. त्या कचेरीत मार्च आला की कपाटांची दुरुस्ती असो नाहीतर भिंतींचा रंग, आधी बिल व्हायचं आणि काम मागाहून. श्रीकांतरावांचा सगळा जन्म त्यात गेलेला. बायकोच्या दाढेलाही त्यांनी तोच नियम लावला.

हुबळीला लॅमिंग्टन रोडवर ओळखीतले एक दातांचे डॉक्टर होते. ते मला तपासत म्हणाले, "रूट कॅनलला तीन-चार खेपा लागतील, मग कॅप. एप्रिल उजाडणार."

"एप्रिल उजाडला तर माझं बिल बोंबललं की हो," श्रीकांतराव म्हणाले. "तुम्ही पुरतं बिल आत्ताच फाडा. काम काय, होईल सावकाश. आपलीच माणसं आहात."

"मग पैसेही आत्ताच फाडा की, साहेब," डॉक्टर हसले.

दोघंही हसले. श्रीकांतरावांनी पैसे मोजले आणि बिलावर 'उपचार पूर्ण झाले' असं लिहून खाली सही केली. बाईंच्या तोंडात तेव्हा डॉक्टरांचा आरसा होता. त्यांना काही बोलता आलं नाही.

मग खेपा सुरू झाल्या. एकदा मशीन बिघडलेलं, एकदा डॉक्टर बेंगळूरला गेलेले. दारातली मुलगी दर वेळी सांगायची, "अक्का, सोमवारी बर्री." बाई सोमवारी यायच्या आणि तशाच परत जायच्या. शेवटी एकदा डॉक्टर भेटले, तेही उभ्याउभ्याच.

"तुमचं काम तर कधीच झालंय, बाई. यजमानांनीच लिहून दिलंय. त्यांना विचारा."

दिवाळीत मी असह्य ठणकायला लागले. धारवाडच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "मुळं कोरलेली नाहीत, भरलेली नाहीत. या दाढेला कुणी हात लावलेलाच नाही."

तो एक्स-रे घेऊन नवरा-बायको श्रीकांतरावांचे वर्गमित्र गुरुप्रसाद वकील यांच्याकडे गेले.

"वहिनी, मार्ग आहेत," वकील म्हणाले. "ग्राहक मंचात जायचं. पैसे परत मिळतील, त्रासाची भरपाईही मागता येईल. पण फसवणूक कळल्यापासून दोन वर्षांच्या आत. दंतवैद्यांच्या परिषदेकडे अर्ज केला तर त्या डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकेल, तुमच्या पदरात मात्र काही पडणार नाही. तिसरी पोलिसांत तक्रार. कुठंही गेलात तरी डॉक्टर पहिला कागद हाच दाखवणार, आपल्या श्रीकांतच्या सहीचा."

"मग करायचं काय?" बाईंनी विचारलं.

"यानं आधी कचेरीला खरं लिहून द्यायचं आणि पैसे परत भरायचे. चौकशी लागेल. निलंबनही होईल कदाचित. पण ते केल्याशिवाय मी उभा राहणार नाही."

श्रीकांतराव टेबलावरची काच पुसत राहिले. "रिटायरमेंट जवळ आलीय रे. पेन्शन अडकली तर दोघांनी खायचं काय? थोडं थांबू."

"मी थांबेन हो," बाई म्हणाल्या. "ही थांबेल का?"

मी थांबले नाही. मला थांबता येत नव्हतं. डॉक्टरीणबाई मला काढायला सांगत होत्या, पण बाईंनी ठरवलं होतं की, मंचापुढे जायचं तर मला तोंडात तशीच ठेवून जायचं. वकिलांनी 'एक्स-रे पुरेल' म्हटलं तरी त्यांना ते पटेना. श्रीकांतराव लवंगेचं तेल आणत, कापसाचा बोळा स्वतः करून देत. अर्जाचं मात्र नाव काढत नसत. बाईंना साखरेचा आजार होता. पू खाली उतरला, जबडा सुजला, तोंड उघडेना. शेवटी तापाच्या ग्लानीत त्यांना हुबळीच्या इस्पितळात न्यावं लागलं. तिथे मला काढलं, आणि माझ्याबरोबर जबड्याचा कुजलेला एक तुकडाही.

"ही टाकायची ना?" शुद्धीवर आलेल्या बाईंसमोर मला धरून तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

बाईंच्या तोंडात कापूस कोंबलेला. त्यांनी नुसता तळहात पुढे केला.

तेव्हापासून मी बाटलीत आहे. मंचाची दोन वर्षांची मुदत संपली तो दिवस घरातल्या दोघांनाही ठाऊक होता. अर्ज तरीही झाला नाही. पुढे श्रीकांतराव रिटायर झाले, सत्कार झाला, पहिली पेन्शन बँकेत जमा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः बाटली उचलली. "चल, गुरुप्रसादकडे जाऊ. आता मी लिहून देतो हवं ते."

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. "मुदत गेली, श्रीकांत. उशीर माफ होतो कधी कधी. पण कारण सबळ लागतं, आणि लेखी. काय लिहू?"

बाईंचं तोंड आता दोन बोटांपलीकडे उघडत नाही. त्यातूनच त्या सावकाश म्हणाल्या, "खरं तेच लिहा. पेन्शनची वाट बघत होतो."

वकिलांनी काही न लिहिताच पेनाला टोपण लावलं.

वाचकहो, मला आता कुठल्याही मंचापुढे जायचं नाही. एवढंच सांगते. काम होण्याआधी ते झालं असं लिहून देऊ नका. आणि दिलंच असेल, तर ते खोडायचं धाडस येईपर्यंत दुसऱ्याच्या जबड्याला ताटकळत ठेवू नका.