मध्यंतरानंतरचा एक तास

मित्रांनो, तुम्ही रोज ज्याच्यावर डबा उघडून बसता, तो मी एक जुना सागवानी बाक. धारवाडच्या मळमड्डीत या शाळेच्या व्हरांड्यात मला ठेवलं आहे. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने चौदा नंबर लिहिलेला आहे. तो शाळेचा नाही. तो टॉकीजचा आहे.

हल्याळच्या रानातला माझा साग अळणावरच्या वखारीत आला. तिथून आनंदा मिस्त्री नावाच्या सुताराने तो हुबळीला आणला आणि माझ्यासारखे चाळीस बाक केले. शेवटचा रंधा मारून झाल्यावर तो माझ्यावर टेकला आणि विडी ओढून उठला. माझ्यावर बसलेला तो पहिला माणूस.

दाजीबानपेठेपासून हाकेच्या अंतरावर ते टॉकीज होतं. वर बाल्कनीत गादीच्या खुर्च्या, खाली आम्ही बाक. वरचा जिना वेगळा, खालचं दार वेगळं. पाठीच्या फळीला वर्षाला एकदा व्हार्निश लागायचं. ढेकूण मात्र बारा महिने असायचे.

मित्रांनो, मला पडदा दिसत नव्हता, कारण माझ्या पुढ्यात तेरा नंबर होता. मी सिनेमा माणसांच्या अंगातून ओळखायचो. हसू आलं की फळी एकदम हलकी होते. रडू आलं की माणूस स्थिर होतो. भीती वाटली की तो बोटांनी माझी कड पकडतो.

शहाण्णव साली एक सिनेमा लागला. त्याने माणसांना धड हसू दिलं नाही की रडू दिलं नाही. गोष्ट साधी होती. एका श्रीमंत घरात एक मोलकरीण येते. मालकिणीसारखं चालते, तिच्यासारखं बोलते. मालकीण बाहेर गेली की तिचं कपाट उघडून साडी नेसते आणि आरशापुढे उभी राहते. पुढे पुढे तिला आपणच मालकीण आहोत असं वाटू लागतं.

पहिले चार दिवस मी लोकांचं बसणं पाहिलं. आरशाच्या प्रसंगाला खाली शिट्ट्या पडायच्या, आणि वर बाल्कनीत खुर्चीसुद्धा करकरायची नाही. खेळ सुटल्यावर जिना उतरताना वरच्या बायका एकमेकींना विचारायच्या, कपाटाला कुलूप लावलंय ना? दारावरचे गोविंदअण्णा म्हणायचे, "वरची माणसं मोलकरणीला भितात, खालची मालकिणीला. दोघं एकच सिनेमा बघतच नाहीत."

मंगळवारी दुपारचा खेळ फक्त बायकांचा असे. त्या दिवशी बाल्कनी बंद, सगळ्या खाली, एकाच दराने, आणि नंबर कुणी बघायचं नाही. म्हणून मोठ्या घरच्या बायका आपल्या कामवालीला तासभर आधी पाठवायच्या. तिने बाकावर टॉवेल पसरून जागा धरायची आणि मालकीण आली की तिच्याच शेजारी बसायचं. एका बाकावर दोघी बसण्याचा तेवढाच एक वार होता.

त्या मंगळवारी माझ्यावर मथुराने टॉवेल पसरला. मथुरा अळणावरकडची. नवरा वारल्यावर ती हुबळीला आली आणि पेठेत चार घरची धुणीभांडी करू लागली. त्यातलं पहिलं घर वत्सलाअक्कांचं. त्यांचे यजमान मधुकरअण्णा यांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. सिनेमाला जायचं म्हणून मथुरा तिची एकुलती एक चांगली साडी नेसून आली होती. हळदीच्या रंगाची इरकल, लाल काठाची.

वत्सलाअक्का उशिरा आल्या. अंधार झाला होता. त्यांच्याबरोबर त्यांची मोठी नणंद होती, निपाणीहून पाहुणी आलेली अनुसयाबाई. एका बाजूला मथुरा, मध्ये वत्सलाअक्का, पलीकडे अनुसयाबाई, अशा तिघी बसल्या.

सिनेमा सुरू झाला आणि आरशाचा प्रसंग आला. बायकांच्या खेळाला शिट्ट्या नव्हत्या. मागून एकजण म्हणाली, हात मोडोत तिचे. अनुसयाबाईंनी माझी कड घट्ट धरली. मथुराचे पाय मात्र खाली नीट टेकलेले होते. ती सिनेमात रमली होती.

तेवढ्यात मध्यंतराची घंटा झाली आणि दिवे लागले.

वत्सलाअक्कांनी थर्मास घ्यायला हात पुढे केला. मथुराने तो दिला. तो हात आणि त्यावरचा पदर अनुसयाबाईंनी पाहिला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी भावजयीला मानाची साडी दिली होती. तिचा काठ मागावर मुद्दाम सांगून विणवून घेतला होता. तसा काठ दुसरीकडे असणं शक्यच नव्हतं.

"वत्सले," त्या म्हणाल्या, "ही साडी हिच्या अंगावर कशी?"

खरी गोष्ट अशी होती. दिवाळीला कामवालीला साडी द्यावी लागते. दुकानातली काढायची तर मधुकरअण्णांना विचारावं लागणार, म्हणून वत्सलाअक्कांनी कपाट उघडलं आणि कधीच न आवडलेल्या रंगाची ती साडी मथुराच्या हातावर ठेवली. मानाची साडी दुसऱ्याला द्यायची नसते, कामवालीला तर मुळीच नाही. हे त्यांना ठाऊक होतं. नणंद निपाणीला आणि साडी हुबळीला, कोण बघायला येतंय, असं त्यांना वाटलं होतं.

आता एक वाक्य बोलायचं होतं. मी दिली, एवढंच. वत्सलाअक्का थर्मासच्या झाकणात चहा ओतत होत्या. झाकण भरलं, चहा खाली माझ्यावर सांडला, तरी त्या ओतत राहिल्या.

"घरी गेल्यावर बघू, वन्सं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्या वाक्यात आरोप नव्हता, पण मथुराला सोडवणारंही काही नव्हतं. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. पेठेतल्याच बायका होत्या त्या. एकजण हलक्या आवाजात म्हणाली, "पडद्यावर बी तेच, खाली बी तेच. दोन खेळ एका तिकिटात बघा की." दुसरी हसली.

मथुराने वत्सलाअक्कांकडे पाहिलं. तिला सहज सांगता आलं असतं. पण मालकिणीने नणंदेपुढे लपवलेली गोष्ट कामवालीने उघडी करायची, तर ते घर सुटणार. आणि नाही सांगितली तर चोर ठरणार. पेठेत एका घरातून चोर म्हणून काढलं की उरलेल्या तीन घरांची दारं आपोआप लागतात. मालकीण बोलेल, अशी तिने वाट पाहिली.

दिवे गेले. अनुसयाबाईंनी आपली पर्स मांडीवरून उचलली आणि पलीकडच्या बाजूला ठेवली.

पुढचा तास माझ्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत लांब तास होता. वत्सलाअक्कांचा उजवा पाय सारखा हलत होता, त्यामुळे माझी पूर्ण फळी थरथरत होती. दोनदा त्या नणंदेच्या कानाशी वाकल्या आणि दोनदा तशाच सरळ झाल्या. मथुराने माझी कड दोन्ही हातांनी धरली होती. लाकडात नख रुतलेलं मला कळत होतं. शेवटी पडद्यावर ती मोलकरीण पकडली गेली. सगळ्या टॉकीजने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बायकांनीही वाजवल्या. माझ्यावर बसलेल्या तिघींपैकी एकीने जोरात वाजवल्या, एकीने दोन वाजवून हात थांबवला, आणि मथुराचे हात माझ्यावरच राहिले.

खेळ संपला. मथुरा थर्मास घेऊन घाईने उठली. माझ्या डाव्या टोकाला एक खिळा वर आला होता. गोविंदअण्णांनी तीनदा सांगूनही तो कुणी ठोकला नव्हता. त्या खिळ्यात तिच्या साडीचा काठ अडकला. ओढला तर फाटणार, म्हणून ती तशीच उभी राहिली. सगळ्या बायका तिच्याकडे पाहत, वाट काढत जात होत्या.

"ओढू नको," अनुसयाबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीच्या लग्नातली आहे ती. घरी चल, आधी ती उतरव. मग मधुकरला सांगते, आणि पेठेत आणखी कुणाकडे जातेस तेही विचारते."

वत्सलाअक्का खाली वाकल्या. काठ सोडवायला त्यांना फार वेळ लागला. काठ सुटला, पण त्यांनी तो हातातून सोडला नाही. वाकल्या वाकल्याच त्या बोलल्या, आणि मागच्या बाकालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलल्या.

"वन्सं, ही साडी मी दिली. दिवाळीला, माझ्या हातानं. मला रंग आवडला नव्हता."

अनुसयाबाईंचं तोंड उतरलं. पर्स उचलून त्या दाराकडे चालू लागल्या. मागच्या बायकांना एकदम आपापल्या चपला सापडेनाशा झाल्या.

मथुराने थर्मास माझ्यावर ठेवला.

"अक्का, बोललात ते बरं झालं," ती म्हणाली. "पण चहा ओतताना बोलला असता, तर मी बी शिनेमा बघितला असता की."

एवढं बोलून ती निघून गेली. पुढच्या मंगळवारी बायका बोलताना मी ऐकलं, की मथुराने वत्सलाअक्कांचं घर सोडलं. उरलेली तीन घरं तिला राहिली, कारण खरं काय ते सगळ्या टॉकीजने ऐकलं होतं. महिनाभराने वत्सलाअक्का एकट्या आल्या. त्यांनी स्वतः टॉवेल पसरून शेजारची जागा धरली. दिवे जाईपर्यंत धरली. कुणी आलं नाही.

त्यानंतर माझेही दिवस फिरले. घरोघरी केबल आली, बायकांचा खेळ बंद पडला. दोन हजार चार साली टॉकीजला कुलूप लागलं आणि आम्हा बाकांना भंगारवाल्याने नेलं. पावसात दोन वर्षं मी उघड्यावर पडून होतो. माझी एक फळी कुजली. तुमच्या शाळेच्या गुरुजींनी मला तिथून सोडवलं, नवी फळी लावली, सगळे खिळे ठोकून घेतले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण मित्रांनो, दोन दिवस झाले, मला पुन्हा तसंच अस्वस्थ वाटतं आहे. पाचवीतल्या योगिताची कंपासपेटी हरवली आहे. कुणी नाव घेतलं नाही, पण शाळा झाडणाऱ्या मावशींची प्रिया डबा घेऊन माझ्यावर बसली, तेव्हा बाकीच्या मुली हळूहळू पलीकडे सरकल्या. तुम्हीही कुठला तरी सिनेमा पाहिला असेल, त्याशिवाय असं सरकणं कुणाला येत नाही.

काल मधल्या सुट्टीत तुमच्यातली एकजण माझ्या उजव्या टोकाला बसली होती. डबा उघडला, पण ती जेवली नाही. तिचा पाय सारखा हलत होता. तो पाय मी ओळखतो. मुली, ती पेटी कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. मी लाकूड आहे, मला उठून गुरुजींकडे जाऊन बोलता येत नाही. तुला येतं. उद्यावर टाकू नकोस. आज प्रियाने डबा उघडायच्या आधी सांग.