शनिवारची पट्टी

मार्चमधला उजेड आमच्या स्वयंपाकघरात एकदम शिरत नाही. तो आधी तळ्यावरच्या बर्फावर बराच वेळ पडून राहतो, मग खिडकीच्या दुहेरी काचांमध्ये अडकून मेलेल्या माशीला क्षणभर सोनेरी करतो, आणि शेवटी संकोचलेल्या पाहुण्यासारखा टेबलावरच्या राय धान्याच्या पावापाशी येऊन थांबतो. त्या सकाळी तो बाबांच्या उघड्या छातीवर थांबला. डाव्या खांद्याखाली चिकटवलेली, कातडीबरोबर वाकणारी पातळ पट्टी त्यात चमकत होती. त्यांच्या हृदयाचा प्रत्येक ठोका ती ऐंशी किलोमीटरवरच्या इस्पितळात पोचवत असे.

"काढ ती गोचीड," बाबा म्हणाले. "सौना तापलाय."

"बाबा, इस्पितळातली सायमी म्हणालीय की वाफेत..."

"सायमीला सांग, माझा जन्म सौनात झालाय. मरायचं कुठे ते मी बघतो."

सौना म्हणजे अंगणातली लाकडी वाफेची खोली; तिथल्या वाफेत पट्टीचा डिंक सुटे, आणि ती काढून ठेवली की इस्पितळात घंटा वाजे. जानेवारीत तशी वाजली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: पुन्हा खंड पडला तर ओइवांना, म्हणजे बाबांना, वॉर्डात आणावं लागेल. म्हणून गेले तीन शनिवार मी ती तासभर माझ्याच छातीवर लावत होतो. एकोणतीस वर्षांचं हृदय. कुणाला काय कळणार?

हेल्सिंकीतली नोकरी सोडून या घरात आलो त्याला दोन हिवाळे झाले होते. बाबांचे ठोके चालू होते तोवर मला इथून हलता येत नव्हतं. आणि ते थांबावेत, हा विचार मनाच्या उंबऱ्याशी आला तरी मी शरमेनं दार लावून घेत असे.

पट्टी अंगावर दाबून मी बर्चची लाकडं सौनापर्यंत नेली. वाटेत नेहमीसारखा दोनदा थांबलो. बर्फ फार खोल आहे, असं स्वतःला सांगितलं.

घरात परतलो तो फोन वाजला. सायमी, इस्पितळातली नर्स, मला शाळेपासून ओळखणारी.

"यालमारी, ओइवाकाका कुठायत?"

"पडलेत जरा."

"थापा मारू नकोस! पट्टीवर टेप मारून सौनात जातात ना? हा चौथा शनिवार. बरोब्बर याच तासाला गडबड. एरवी म्हातारा घड्याळासारखा चालतो, आणि आज एक ठोका गिळतोय, मग चार धावत सुटतायत. डॉक्टर शेजारीच बसलेत. सौना कायमचा बंद. गाडी पाठवतोय, त्यांना वॉर्डात ठेवायचं."

खिडकीबाहेर सौनाचं दार उघडलं. कमरेला टॉवेल गुंडाळलेले, लालबुंद बाबा बर्फात पाय रोवून उभे राहिले. त्यांच्या खांद्यांवरून वाफ निघत होती.

"बघतोस काय भुतासारखा?" ते ओरडले. "लाकडं आण अजून!"

एक 'हो' पुरेसा होता. संध्याकाळपर्यंत हे घर रिकामं झालं असतं, आणि मी मोकळा.

"यालमारी? ऐकतोयस ना?"

मी शर्टाच्या आत हात घातला. पट्टी गरम होती. तिच्याखाली काहीतरी अडखळलं, थांबलं, पुन्हा धावलं.

"सायमी," मी म्हणालो, "बाबा ठणठणीत आहेत. पट्टी माझ्या छातीवर आहे."