चांदीत गुंडाळलेला फ्यूज

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज आहे, आणि तोही जळालेला. नाक मुरडू नका, वेळ आली की जळणं हेच माझं काम होतं. दोन टोकांना धातूच्या टोप्या, मध्ये काचेची नळी आणि नळीत एक बारीक तार, एवढाच माझा देह. मोटरसायकलमध्ये वीज भलतीकडे धावली, की ती तार वितळायची, वीज तोडायची आणि गाडी वाचवायची. असा जीव देणाऱ्याला लोक काय म्हणतात? "मेला, ऐन वेळी उडाला!"

माझे मालक घड्याळजी होते. त्यांना दोन मुलं, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. ती त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. सीटखालच्या डबीत जादा फ्यूज म्हणून मी अकरा वर्षं नुसता पडून होतो. शेजारचा थोरला फ्यूज कामावर होता. एके दिवशी तो उडाला. मला वाटलं, आला आपला नंबर! पण बाबांनी मला हातसुद्धा लावला नाही. डोळ्याला भिंग लावून ते अख्खी दुपार तारा तपासत बसले.

"बाबा, नवा टाका ना, दोन मिनिटांचं तर काम," धाकटा कंटाळून म्हणाला.

"फ्यूज उडाला म्हणजे त्याने हाक मारली. कशासाठी मारली ते आधी बघायचं. दुसरा बसवायचा तो मग."

हँडलच्या मानेपाशी एक वायर घासून उघडी पडली होती. ताईने तिच्यावर टेप गुंडाळली आणि मग मला बसवलं. धाकटा तोवर केव्हाच खेळायला पळाला होता.

पुढची वर्षं सुखाची गेली. गाडी निघाली की लोक वळून बघायचे. "काय जपलीय हो गाडी!" कौतुक व्हायचं टाकीच्या रंगाचं आणि सायलेन्सरच्या चकाकीचं. सीटखालच्या फ्यूजला कोण विचारतो? बाबा मात्र अधूनमधून माझ्या टोप्या पुसायचे. मला तेवढं पुरायचं.

मग बाबांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. एकच शब्द उरला, 'हो'. पाणी हवं असलं तरी हो आणि नको असलं तरी हो. त्यामुळे घरात ठरलं होतं, बाबांचा शब्द ऐकायचा नाही, चेहरा बघायचा. नोकरीसाठी परगावी जाताना ताईने भावाला हे चारचारदा बजावलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी!

गाडी दोन वर्षं उभी राहिली. टेप वाळून सुटली, ती कोणी बघितली नाही. मग जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार असं कळलं आणि धाकट्याला हौस आली. त्याने नवी बॅटरी घातली. बाबांची खुर्ची दारात आणून ठेवली. "तुमच्या गाडीचं नाव काढतो बघा," म्हणाला. बाबांचा चेहरा किती दिवसांनी फुलला होता, काय सांगू!

धाकट्याने हँडल वळवलं, उघडी वायर लोखंडाला टेकली आणि मी उडालो. अगदी वेळेवर, चोख. सगळे दिवे गेले.

"ह्याला आत्ताच मरायचं होतं!" धाकट्याने मला उपटून काढलं. जादा फ्यूजची जागा रिकामी होती. मग ह्या शहाण्याने खिशातलं चॉकलेट तोंडात टाकलं आणि त्याची चांदी, म्हणजे वेष्टनाचा चकचकीत कागद, माझ्याभोवती गुंडाळली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

"हो! हो! हो!" मागून बाबा ओरडले. डाव्या हातातली काठी फरशीवर आपटत होते. मान नाही, नाही अशी हलत होती, डोळे भरून आले होते. मला सगळं दिसत होतं. धाकट्याला दिसलं नाही, कारण त्याने मागे वळून बघितलंच नाही.

"हो बाबा, हो, झालंच," म्हणत त्याने मला डबीत दाबलं.

चांदी कसली तुटतेय! वीज बेफाम धावत राहिली. तारांवरचं आवरण वितळलं, टाकीखालून धूर निघाला आणि मग जाळ. शेजाऱ्यांनी वाळू ओतून विझवला, पण तोवर तारा, सीट आणि टाकीचा रंग, सगळ्याचा कोळसा झाला होता. बाबांना खुर्चीतून उठता येत नव्हतं. ते नुसते 'हो, हो' करत राहिले.

धाकटा मात्र येईल त्याला सांगत होता, "फ्यूजच जुना होता हो, त्याने घात केला." चोर सोडून संन्याशाला सुळी! सांगा मित्रांनो, माझं काय चुकलं होतं?

ताई धावत आली. पुढे कितीतरी सुट्ट्या घालवून तिने नव्या तारा ओढल्या. माझी डबी काढून टाकली आणि चपट्या प्लास्टिकच्या फ्यूजसाठी नवी पेटी बसवली.

"ताई, मोठ्या नंबरचा टाक. पुन्हा उडायला नको," धाकटा म्हणाला. एवढं होऊनही!

"अरे, तो उडायलाच असतो," ताई म्हणाली. "न उडणारा तू बसवला होतास ना? काय उरलं, बघितलंस?"

गाडी सुरू झाली. ताईने हौसेने बाबांकडे बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं होतं. गाडीचा आवाज त्यांना आता सोसत नव्हता.

मित्रांनो, जो ओरडतो त्याच्यावर चिडण्याआधी तो का ओरडतोय एवढं बघत जा. आमच्यासारख्यांना एकदाच ओरडता येतं.

ताईने माझ्यावरची काळी पडलेली चांदी सोलून काढली आणि मला बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

"बाबा, ह्याला टाकून देऊ?"

"हो," बाबा म्हणाले.

धाकट्याने लगेच कचऱ्याची बादली पुढे केली. ताईने ती पायाने मागे सारली. ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि बाबांची मूठ माझ्यावर घट्ट मिटली होती.