पहिली बांगडी

आमच्या घरात आठ दिवस एकच वाद चालला होता: वळैकाप्पूला मला पहिली बांगडी कोण भरणार. सातवा महिना लागला की इकडे चेन्नईत गरोदर बाईचे दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरतात. पहिला मान आईचा नाहीतर सासूचा. माझ्या सासूबाई शहाण्या, त्यांनी अंग काढून घेतलं. आणि मी मूर्खासारखी बोलून बसले, "विद्युलतामावशींना भरू दे."

अम्मा आमच्या तंजावरी मराठीत भडकली. "हरी, लेक गेलेल्या बाईचा हात पहिला? शकुन पाहावाचं का नको? ती तुला न्यावाला येते, सांगून ठेवते."

विद्युलतामावशी म्हणजे रुचाची आई. माणसं पुण्याची, राहायला इथेच चेन्नईत, नुंगंबाक्कमला. रुचा माझ्या ऑफिसातली. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही दोघी कामासाठी उत्तरेत गेलो होतो. चेन्नईच्या माणसाला फ्रिज उघडला तरी हुडहुडी भरते. बाजारात मी कुडकुडायला लागले तेव्हा रुचाने हसत आपलं जाकीट मला घातलं आणि माझी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली. तिचं ओळखपत्र जाकिटाच्या खिशात राहिलं. मग बॉम्ब फुटला.

जाकिटामुळे मी रुचा झाले. तोंडभर पट्ट्या, बोलणं बंद. दोन दिवस मावशी माझा भाजलेला हात धरून बसल्या होत्या. "दुखतंय का गं, रुचा?" असं विचारायच्या, आणि मी "हूं" करायचे. तिकडे पर्सवरून रुचाचा देह माझा ठरला होता, आणि अम्मा मी गेले म्हणून ऊर बडवत होती. तिसऱ्या दिवशी मी पाणी मागितलं. "अम्मा, तण्णी." पुण्याची मुलगी आईकडे तमिळमध्ये पाणी मागत नाही. मावशींना तेवढ्यावर सगळं कळलं.

तरी त्या येतच राहिल्या. दर दिवाळीला चकल्या, माझ्या लग्नात साडी. हे प्रेम की तगादा, मला अजून कळलेलं नाही. त्या आल्या की बरं वाटतं, आणि कधी एकदा जातील असंही होतं. मग राग येतो, पण नेमका कोणाचा ते ठाऊक नाही.

काल बायका जमल्या. मावशी पार मागे, दाराजवळ बसल्या होत्या. मीच त्यांना हाक मारली. अम्माने कुंकवाचा करंडा जरा जोरातच खाली ठेवला. मावशींनी माझा डावा हात घेतला. भाजल्यापासून त्याची बोटं आखडली आहेत, बांगडी चढेना. त्यांनी एकेक बोट हलकेच दाबून जुळवलं, दवाखान्यात धरायच्या तसंच.

"दुखतंय का गं, रुचा?"

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्या हात सोडायला लागल्या. मी हरिप्रिया, एवढं सांगणं काही अवघड नव्हतं.

"हूं," मी म्हणाले.

बांगडी चढली. मग अम्मा उठून आली आणि माझा दुसरा हात घट्ट धरून बसली. बांगडी भरायचं तिला सुचलंच नाही.